गावात जाऊन येतो

जुळे सोलापुरात, शेळगीत किंवा बाळ्याला राहणारा माणूस नवी पेठेत, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारभागात, निघाला की घरच्यांना सांगतो, "जरा गावात जाऊन येतो." राहतो तेही सोलापूरच. घरपट्टी महापालिकेची, मतदान महापालिकेचं, पत्त्यातही सोलापूरच लिहितो. पण 'गाव' म्हटलं की डोळ्यांसमोर टिळक चौक, मधला मारुती, माणिक चौक, चाटी गल्ली हीच उभी राहतात. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि ३३ चौरस किलोमीटरचं शहर १७८ चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. त्यानंतर जन्मलेली पोरं आता स्वतः पोराबाळांची झाली, तरी बोलण्यात तो सगळा पट्टा अजून 'हद्दवाढ भाग'च आहे. वेशींचंही तसंच. तट कधीच गेला, पण रिक्षावाल्याला आपण तुळजापूर वेस, बाळीवेस, विजापूर वेस असंच सांगतो आणि तोही बरोबर तिथंच सोडतो. शहराचा आत कुठे आणि बाहेर कुठे, हे लोकांच्या मनात पक्कं आहे. बाहेरचे आत किती वेळा जातात, ते मात्र दर वर्षी बदलत चाललंय, आणि आकडा खाली येतोय असं मला वाटतं.

गावात किती वेळा जाता, हा प्रश्न ज्याला विचारावा त्याचं उत्तर वेगळं. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ इथल्या बाईला विचारलं तर तिला प्रश्नच कळणार नाही. कन्ना चौक, कोंतम चौक ओलांडून मधल्या मारुतीपर्यंत जाणं हे तिच्या लेखी घराच्या पायरीवरून उतरण्यासारखं. दिवसात दोनदा गेली तरी ती ते मोजत नाही. होटगी रोडच्या फ्लॅटमधल्या माणसाला विचारा. तो सहज म्हणेल, "महिन्यातून एकदा तरी." जरा खोदून विचारलं, शेवटचं कधी गेला होता, कशासाठी, तर दिवाळी निघते. त्याच्या आधी भाचीचं लग्न. ऑफिस रोज सात रस्त्याला असतं, म्हणजे पेठेपासून तसा जवळच येऊन तो रोज परत फिरतो. कामासाठी शहराच्या मधल्या भागात येणं आणि पेठेत जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वर्षातल्या फेऱ्या मोजायच्या तर त्या वेगळ्याच मोजायला हव्यात.

तिसरं उत्तर कुंभारीचं. तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार महिलांची १० हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. त्याच बाजूला रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला मिळाल्या. महापालिकेच्या हद्दीबाहेर हे एक वेगळं शहरच आहे, पण त्याची नाळ पेठांशी आहे, कारण इथल्या कितीतरी बायकांची आधीची खोली पूर्व भागातल्या एखाद्या बोळात होती. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पान भिजवायचं, फर्म्यावर कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, कट्टे करायचे. दिवसभर पाठ न उचलता बसावं तेव्हा कुठे हजार होतात. त्यामुळे गावात एक फेरी मारली की जाण्यायेण्याचं भाडं तर गेलंच, वर अर्ध्या दिवसाच्या विड्याही गेल्या. ती बाई गावात कमी जाते ते हौस नाही म्हणून नव्हे. तिच्या फेरीची किंमत होटगी रोडवाल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. मध्यवर्ती भागात लोक येत नाहीत अशी चर्चा होते तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही.

बाकीच्यांसाठी अंतर ही खरी अडचण नव्हेच. जुळे सोलापुरातून नवी पेठ सहा-सात किलोमीटर, म्हणजे दुचाकीवर वीस-पंचवीस मिनिटं. अडतं ते जमवाजमवीत. पहिली गोष्ट पाणी. काही दिवसांआड पाणी येतं, आणि ते येणार त्या दिवशी घरातला एक माणूस बांधलेला. नळ कधी सुटेल याचा नेम नाही, हौद भरायचा, मग वरची टाकी, मग पिंप, मग धुणं. तो दिवस गावात जाण्यातून वजा. दुसरी गोष्ट ऊन. मार्च अर्धा सरला की जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत अकरा ते पाच या वेळात दुचाकीवर निघणं म्हणजे अंगावर वाफ घेणं. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि नवी पेठेत झाडाची सावली शोधून सापडत नाही. तिसरी गोष्ट रुळांची. जुळे सोलापुराकडून येणाऱ्याला कुठेतरी रेल्वे ओलांडावी लागते, आणि आसरा पुलावर संध्याकाळी सहानंतर गाडी पहिल्या गिअरच्या वर जात नाही. शेवटी गाडी लावायची जागा. पेठेतले रस्ते बैलगाडी आणि पायी माणसांच्या मापाचे. त्यात एक चारचाकी शिरली की तिच्यामागे सगळी गल्ली थांबते. म्हणून चारचाकीनं पेठेत जाणारा माणूस वर्षातून एकदाच जातो, आणि दरवेळी "आता परत नको" म्हणून येतो.

हे सगळं जमवून जायचं तर जायचं कशाला? किराणा सुपरमार्केटनं नेला. मोबाइलचं कव्हर, चार्जर, तयार कपडे दारात येऊन पडतात. भाजी तर आता प्रत्येक नगराच्या तोंडाशी मिळते. तरीही काही कामं अशी उरतात जी पेठेशिवाय होत नाहीत. ती तीन तऱ्हेची: जुळवायची, दुरुस्त करायची आणि खूप माणसांनी मिळून ठरवायची.

जुळवायचं म्हणजे काय, ते मॅचिंग सेंटरच्या फळीसमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. साडीला ब्लाऊजपीस नाही, किंवा आहे पण मन भरत नाही. साडीचा फोटो फोनमध्ये काढून नेणाऱ्या बायका हमखास चुकतात. फोनचा कॅमेरा लाल रंग केशरीकडे ढकलतो आणि मोरपंखीचा निळा करतो. साडीच न्यायची, तीही पूर्ण. पदरावरून रंग जुळवू नये, काठावरून जुळवावा, कारण नेसल्यावर ब्लाऊजच्या बाहीशेजारी येतो तो काठ. धूपछाव साडी असेल तर आणखी एक पायरी: उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे सपाट पसरल्यावर एक रंग दिसतो आणि निरीवर दुसरा. साडीला हातावर चार चुण्या पाडून जो रंग वर येतो तो धरायचा. मग दुकानदार दोन-तीन ताके काढतो, तिन्ही बरोबर वाटतात. इथं घाई करायची नाही. "अण्णा, ह्याच्यापेक्षा एक शेड गडद दाखवा की," म्हणायचं, आणि मग कापड आणि साडी दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात यायचं. दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडतात, कारण दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असतात आणि दिव्याचा उजेड त्यांच्यातला फरक झाकतो. चांगला दुकानदार हे स्वतःच सांगतो, "ताई, भायेर नेऊन बघा." म्हणूनच मॅचिंगचं काम संध्याकाळी करू नये. सकाळी साडेअकराला केलं तर एका खेपेत होतं, रात्री आठला केलं तर बदलायला दुसरी खेप.

मापंही ठरलेली आहेत. साध्या अंगाला ८० सेंटिमीटर पुरतात, बाही कोपरापर्यंत हवी किंवा अंग भरलेलं असेल तर १ मीटर घ्यावं. अस्तर वेगळं, तेवढंच. टू बाय टू, म्हणजे ब्लाऊजचं सुती कापड, घेतलं तर ते शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायचं. फॉलचंही तेच. पाच इंच रुंद सुती पट्टी, जेमतेम अडीच-तीन मीटरची. ती न धुता लावली की पहिल्याच धुण्यात आटते, साडी आटत नाही, आणि निऱ्यांच्या खालचा सगळा भाग चोळामोळा होऊन वर ओढला जातो. मग दोष साडीला देतात.

दुरुस्तीची कामं याहून छोटी, आणि म्हणूनच रेंगाळतात. कुकरची रिंग घ्या. लोक जुनी रिंग खिशात घालून नेतात आणि तिच्या मापाची नवी मागतात. पण जुनी रिंग वाफेनं आणि वापरानं ताणलेली असते, म्हणून तर ती गळायला लागली. तिच्या मापानं घेतलेली नवी सैलच बसणार. न्यायचं ते कुकरचं झाकण. शक्य नसेल तर कंपनीचं नाव, किती लिटरचा, आणि झाकण आतून बसतं की बाहेरून, एवढं लिहून न्यायचं. बॅगेची चेन नुसती सरकून उघडी पडत असेल तर अख्खी चेन बदलायची गरज नसते, बहुतेक वेळा रनर झिजलेला असतो. रनरच्या पाठीवर बारीक आकडा कोरलेला असतो, ३, ५, ८ असा. तो आकडा सांगितला की काम पाच मिनिटांत आणि थोडक्या पैशांत होतं. हे करणारी माणसं पेठेत बोळाच्या तोंडाशी, जिन्याखाली, चार फुटांच्या फळीवर बसतात. त्यांना पाटी नाही आणि फोनवर शोधून ती सापडत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर पायी जावं लागतं आणि चार ठिकाणी विचारावं लागतं. हद्दवाढ भागातल्या घरांत माळ्यावर पडलेल्या कितीतरी बॅगा, घड्याळं, मिक्सरची भांडी हे सगळं खरं म्हणजे न मारलेल्या फेऱ्यांचं साठलेलं सामान आहे.

तिसरी तऱ्हा म्हणजे बस्ता. 'चाटी' म्हणजे कापडाचा व्यापारी, आणि चाटी गल्लीनं हे नाव अजून राखलंय. लग्न ठरलं की दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळकडची वऱ्हाडं टेम्पो करून गावात येतात. पंधरा-वीस माणसं असतात, दोन्हीकडची. या एका दिवसात बिघडण्यासारखं फार असतं आणि ते बहुतेक वेळा क्रमानं बिघडतं. आहेराच्या साड्या आधी काढायला बसतात, कारण त्या स्वस्त आणि सोप्या वाटतात. चाळीस साड्या बघून डोळे शिणतात, पोरं रडायला लागतात, जेवणाची वेळ टळते, आणि नवरीचा शालू दुपारी चारला, सगळे चिडलेले असताना निवडला जातो. क्रम उलटा हवा. दुकान उघडल्या उघडल्या नवरा-नवरीचं, डोकं ताजं असताना. मग आई, आत्या, मामी, करवल्या, म्हणजे ज्यांच्या पसंतीवरून पुढे वर्षभर बोलणी ऐकावी लागतात ते सगळे. जेवण झाल्यावर ढीग काढायचा: आहेराच्या साड्या, खण, टॉवेल-टोपी. टॉवेल तर सोलापूरचाच, त्यात वाद नाही.

यादी घरूनच नावानिशी करून आणायची. 'पाहुणे २५' अशी नाही, तर 'थोरले मामा-मामी, टॉवेल-टोपी १, साडी १' अशी. आणि गठ्ठा बांधण्याआधी प्रत्येक पिशवीवर दुकानातच पेनानं नाव घालून घ्यायचं. लग्नाच्या आदल्या रात्री चाळीस सारख्या पिशव्या उघडून कुणाची कुठली हे शोधायला बसलेलं घर ज्यानं पाहिलंय, तो हे विसरणार नाही. दरम्यान दुकानदार मराठीत भाव सांगत असतो, गादीवरच्या भावाशी कन्नडमध्ये बोलतो, गठ्ठा बांधणाऱ्याला तेलुगूत हाक मारतो, आणि शेजारचा शिंपी दखनीत विचारतो, सिलाना हय क्या. चार भाषा एका फळीवर. हे ऐकायला तरी हद्दवाढ भागातल्या पोरांना आणावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांच्या नगरांतल्या गल्ल्यांत हे ऐकू येत नाही.

चादर घ्यायची असली तरी एवढं बघा. खऱ्या सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, एका बाजूला जो रंग जमिनीचा तोच पाठीमागे नक्षीचा, कारण ती जॅकार्डवर विणलेली असते. एकाच बाजूला नक्षी आणि पाठ फिकी असेल तर ती छापलेली. ओला रुमाल कोपऱ्यावर दाबून बघावा, रंग उतरला तर पहिली धुणी वेगळी काढावी लागणार. बाहेरगावच्या पाहुण्याला न्यायची असेल तर साधारण ६० बाय ९० इंच हे नेहमीचं माप.

वर्षातून दोन-तीनदाच जाणाऱ्यांच्या वाट्याला पेठ येते ती फक्त सणाची. दिवाळीच्या आदल्या चार दिवसांत मधल्या मारुतीला पणत्या, रांगोळी, लक्ष्मीचे फोटो, केरसुण्या यांची दुतर्फा दुकानं लागतात. रमजानमध्ये विजापूर वेशीत मीना बाजार भरतो आणि रात्र होईल तशी गर्दी वाढते. त्या दिवसांत हौसेनं जरूर जावं, पण जुळवायचं किंवा दुरुस्तीचं काम काढून जाऊ नये. दुकानदाराला ताका खाली काढायलाही उसंत नसते. आणि सणातल्या धक्काबुक्कीवरून पेठेबद्दल मत बनवणारा माणूस पुढच्या अकरा महिन्यांच्या फेऱ्या तिथंच कापून टाकतो. साधा बुधवार, सकाळी साडेदहा-अकराची वेळ, दुकानदार अगरबत्ती ओवाळून नुकता बसतोय, रस्त्यावर पाणी शिंपडलेलं. ही पेठ त्यानं पाहिलेलीच नसते.

सोलापूरच्या जुन्या जाणत्यांना हे बाहेर आणि आत जोडायचं काम नीट कळत होतं असं वाटतं. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या, यात्रेचा क्रम बघा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापन केली असं मानतात. यात्रेच्या पहिल्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त नंदीध्वज घेऊन त्या सगळ्या लिंगांना तैलाभिषेक करायला शहराभोवती फिरतात. म्हणजे आधी मध्य उठून कडेला जातो. दुसऱ्या दिवशी, भोगीला, सगळं शहर संमती कट्ट्याशी सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता टाकायला जमतं, आणि संक्रांतीला होम मैदानावर होम. काठावरच्या माणसाला आत बोलवायचं तर आधी आपण त्याच्या दाराशी जायचं, हा क्रम शेकडो वर्षं पाळला जातोय. आज जुळे सोलापुरातल्या माणसाच्या दाराशी पेठेतून काय जातं? शेअर रिक्षा. तीही सीट भरेपर्यंत थांबते, आणि रात्री नऊनंतर मिळेल याची खात्री नसते. बस ठरल्या वेळेला आली असती तर कुंभारीच्या बाईच्या हिशेबातले निम्मे पैसे आणि निम्मा वेळ वाचला असता.

आणखी एक गोष्ट पुरुष बोलत नाहीत म्हणून लिहून ठेवावीशी वाटते. बायकांची गावातली फेरी दोन-अडीच तासांच्या वर जात नाही, आणि त्याचं कारण खरेदी संपणं हे नसतं. पेठेच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात बाईमाणसाला निर्धास्त जाता येईल असं स्वच्छतागृह सापडणं कठीण. म्हणून कितीतरी जणी निघण्याआधी पाणी पीत नाहीत, उन्हातही. बाई लवकर परतली की तिच्याबरोबरची खरेदीही लवकर परतते, हे व्यापाऱ्यांच्याही फायद्यातोट्याचं आहे. ओळखीच्या दुकानात हक्कानं विचारावं, पुष्कळ दुकानांत मागे सोय असते आणि जुने दुकानदार नाही म्हणत नाहीत.

महिन्यातून एक फेरी नीट काढायची असेल तर माझ्या मते ती अशी. पाण्याचा दिवस जाऊन एक दिवस मधे जाऊ द्यावा. कामाचा दिवस धरावा, आणि उन्हाळ्यात दहाला घर सोडावं. दुकानाचा सुट्टीचा वार आधी फोनवर विचारून घ्यावा, कारण सगळ्यांचा एक नसतो. दुचाकी पार्क चौकाच्या बाजूला, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांच्या आसपास जागा मिळेल तिथं लावावी आणि पुढे गाडीला हात लावू नये. नवी पेठ, दत्त चौक, माणिक चौक, मधला मारुती, टिळक चौक, चाटी गल्ली असं पायी जावं. दुरुस्तीचं सामान जातानाच टाकायचं, म्हणजे येताना तयार मिळतं. जड वस्तू, शेंगाचटणी, कडक भाकरी हे सगळ्यात शेवटी. चटणी घेताना पुडी दाबून पाहावी. उखळात कुटलेल्या चटणीत शेंगदाण्याचं तेल सुटून ती गोळा धरते, मिक्सरमधून काढलेली भुरभुरीत राहते. नाकाला लावल्यावर लसणाआधी खवट वास आला तर ठेवून द्यावी, शेंगदाणा जुना असतो. कडक भाकरी मात्र पिशवीत सगळ्यात वर, नाहीतर घरी चुरा पोचतो.

दीडच्या आत परत निघावं. घरी आल्यावर पिशवीतला फॉल आणि टू बाय टू आधी वेगळं काढून बादलीत भिजत टाकायचं, रंग वेगळे तर बादल्या वेगळ्या. पाणी जपून, कारण नळ यायला अजून दोन दिवस आहेत. तेच पाणी मग कुंडीतल्या तुळशीला नाही, रंग उतरलेला असतो, अंगण धुवायला घ्यायचं. सकाळपर्यंत दोरीवर फॉल वाळतो, तीन मीटरचा दोन-तीन बोटं कमी होऊन.